मोटर न लावता ४२ किमी पाणी? लॉक कॅट्रिनबद्दल विचारायचं होतं

धानवाला_भंडारा:
भाऊ लोकांनो, काल एक व्हिडिओ पाहिला, स्कॉटलंडातल्या लॉक कॅट्रिन तलावाचं पाणी १८५९ पासून ग्लासगो शहराला जाऊन रायलं अन् तेही मोटर न लावता म्हणे. खरं हाय का? आमच्या गावची टाकी तलावापासून दीड किलोमीटर, लाईट गेली की नळ कोरडा. यायनं काय जादू केली?

पाटाचं_पाणी:
जादू नाही बाप्पा, उतार हाय. तलाव समुद्रसपाटीपासून ११० मीटरच्या वर, शहर पार खाली. मधात डोंगर फोडून बोगदे काढले, अन् उतार किती ठेवला तं मैलाला १० इंच, म्हणजे किलोमीटरला १६ सेंमीच्या आसपास. बांधीत पाणी फिरवणाऱ्याले विचार, एवढा उतार डोळ्याले दिसत बी नाही. पण पाणी चालते. शहराच्या अलीकडं मगडॉकला साठवण तलाव केला, तिथून पाईपनं शहरात. इंजिनिअर बेटमन. तलाव मूळचा हिमनदीनं कोरलेला, १३ किमी लांब, यायनं सुरुवातीला तोंडाशी बांध घालून पातळी चारेक फूट वाढवली. (मगडॉक ज्या गावाजवळ हाय त्याचं नाव लिहितात मिल्नगेवी अन् म्हणतात मलगाय!)

मास्तर_साकोली:
कॉलरा विसरू नका. ग्लासगोत १८३२ पासून साथी येत होत्या, १८५३-५४ मध्ये तर चारेक हजार माणसं गेली, तेव्हा कुठं शहरवाले खडबडून जागे झाले. राणी व्हिक्टोरियानं स्वतः उद्घाटन केलं. १८६६ ला कॉलरा परत आला तेव्हा मेलेले शंभरही नव्हते. बाकी तलाव त्याआधीच प्रसिद्ध होता, वॉल्टर स्कॉटची १८१० ची कविता वाचून लोक पाहायला जायचे. त्याच्याच नावाची १९०० सालची बोट अजून तिथं हाय, पिण्याचं पाणी म्हणून आता बायोडिझेलवर चालवतात.

धानवाला_भंडारा:
मंग आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावायचं बी तेच ना, पाळ बांधली, तुडूम (पाणी सोडायचं तोंड) उघडलं की पाणी आपोआप धानात. पण आमचा तलाव गावापेक्षा खाली हाय बे.

पाटाचं_पाणी:
खरंच खाली हाय का कोणी मोजलं?

धानवाला_भंडारा:
नाही ना. कोण्या मिस्त्रीजवळ लेवल पाईप हाय का, रविवारी पाळीवर जाऊ.