शब्दचर्चा : ‘विषम ताल’ म्हणजे नक्की काय? प्रोग रॉक सुचवताना लागणारे शब्द

प्रश्न

आवडता प्रोग्रेसिव्ह रॉक बँड सुचवताना बहुतेकांचं वर्णन एकाच साच्यातलं असतं : ‘विषम ताल, लांबलचक गाणी, भन्नाट कीबोर्ड.’ हे जेनेसिसला लागू पडतं, टूलला पडतं आणि माग्मालाही पडतं. म्हणजे ऐकणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. ऑड टाइम सिग्नेचर (ज्याला सर्रास ‘विषम ताल’ म्हणतात), पॉलिरिदम, पॉलिमीटर आणि रिफ या चार शब्दांना मराठीत काय म्हणावं? आणि ‘पुरोगामी रॉक’ चालेल का?

प्रतिसाद १

शेवटचं आधी. ‘पुरोगामी रॉक’ अजिबात नको. हा शब्द वाचला की लोक गाण्यात जाहीरनामा शोधू लागतात. ‘प्रोग’ रुळलाय, तोच ठेवा. ‘सूट’ (suite) मात्र नको. वीस मिनिटांच्या, भागाभागांत बांधलेल्या रचनेला सूट म्हटलं की किती टक्के, असं विचारावंसं वाटतं. ‘चार खंडांचं गाणं’ म्हणा आणि खंड मोजून सांगा : येसच्या ‘क्लोज टू द एज’ला (१९७२) चार, रशच्या ‘२११२’ला (१९७६) सात.

प्रतिसाद २

‘विषम ताल’मध्ये दोन्ही शब्द घोटाळ्याचे आहेत.

‘ताल’ म्हटलं की विभाग, टाळी, खाली हे सगळं सोबत येतं. पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ (१९७३) सात मात्रांचं आहे म्हणून ते ‘रूपकात आहे’ असं बिनदिक्कत लिहिलं जातं. रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली (टाळीविना दाखवलेली मात्रा) असते. ‘मनी’मध्ये खाली नावाची गोष्टच नाही. जुळतो तो फक्त आकडा. म्हणून ‘साताचा ठेका’ म्हणावं, ताल म्हणू नये.

‘विषम’ त्याहून फसवा. ९ ही विषम संख्या आहे, पण ३+३+३ असा नवाचा ठेका झोक्यासारखा सरळ चालतो, त्यात कुठेही अडखळायला होत नाही. जेनेसिसच्या ‘सपर्स रेडी’मध्ये (१९७२, सुमारे २३ मिनिटं, सात खंड) ‘अपोकॅलिप्स इन ९/८’ हा भाग येतो, तिथला नऊ ३+२+४ असा तुटतो. गंमत त्या तुटण्यात आहे. उलट झपतालाच्या मात्रा दहा, म्हणजे समसंख्या, तरी २+३+२+३ची चाल असमानच. तेव्हा आकडा सम की विषम हा मुद्दाच नाही. ठेक्याचे खंड, म्हणजे मात्रांचे गट, समान आहेत की असमान, हे सांगायला हवं. ‘असमान खंडांचा ठेका’ हा शब्दप्रयोग लांबट आहे, पण खरा आहे. आणि शक्य असेल तिथे फोड लिहावी : ‘नवाचा, ३+२+४’.

प्रतिसाद ३

फोड लिहायची तर मोजायचं कसं, तेही सांगतो. ‘मनी’पासून सुरुवात करा. गाण्याच्या आरंभी नाणी, कागद फाटणं, गल्ल्याची खटखट असे आवाज येतात. ते टेपचे तुकडे मोजून कापून, जोडून केलेलं वेटोळं आहे. त्यात सात आवाज आहेत, म्हणजे वेटोळ्याची एक फेरी हेच एक आवर्तन. एखादा ओळखीचा आवाज ‘एक’ धरा आणि तो परत येईपर्यंत मोजा. सॅक्सोफोनचा एकल भाग साताचाच आहे. पण गिटारचा एकल भाग सुरू झाला की ठेका चाराचा होतो. तिथेही सात मोजत राहणारा हमखास भरकटतो आणि ‘मला लयच कळत नाही’ म्हणून सोडून देतो. दोष त्याचा नाही, ठेकाच बदललेला असतो.

७/४ (सात मोठ्या मात्रा) आणि ७/८ (सात लहान, निम्म्या मात्रा) यांतला फरक मराठीत ‘सात मात्रा’ म्हटल्याने बुजतो. त्याची परीक्षा पायाने करावी. संथ, सारख्या अंतराने पाय आपटत राहा. दर आवर्तनाला ‘एक’ पायाखालीच सापडला तर ७/४. एका आवर्तनात पायाखाली, पुढच्यात दोन ठोक्यांच्या मधोमध, असं आलटूनपालटून झालं तर ७/८. अशी दोन आवर्तनं मिळून चौदा लहान मात्रा, म्हणजे पायाचे सात ठोके होतात आणि मग पाय पुन्हा जागेवर येतो.

प्रतिसाद ४

फोडीचं एक उदाहरण माझ्याकडून. रशच्या ‘वायवायझेड’चा (१९८१) आरंभ म्हणजे टोरांटो विमानतळाचं सांकेतिक नाव, मोर्स लिपीत वाजवलेलं. टिंब एक मात्रा, रेघ दोन मात्रा.
वाय : रेघ-टिंब-रेघ-रेघ = २+१+२+२ = ७
पुन्हा वाय = ७
झेड : रेघ-रेघ-टिंब-टिंब = २+२+१+१ = ६
एकूण २०. चार-चारच्या गटांत बांधले तर पाच ठोके, म्हणून कागदावर ५/४. पण कानाला ऐकू येतं ते ७+७+६. ‘पाचाचा ठेका’ एवढंच सांगितलंत तर मुख्य गोष्टच राहून गेली.

प्रतिसाद ५

पॉलिरिदम आणि पॉलिमीटर या दोन्हींना सरसकट ‘बहुलय’ म्हणणं थांबवू या.

पॉलिरिदममध्ये वेळ तेवढाच, तुकडे वेगवेगळे. दोन मात्रांच्या जागेत तीन आघात, चारात पाच, चारात सात. यासाठी नवा शब्द घडवायची गरजच नाही. लयकारीत, म्हणजे आपल्या शास्त्रीय संगीतातल्या लयीच्या खेळात, हे दीडपट, सव्वापट, पावणेदोनपट आहे. ‘ड्रमवर चार, गिटार सव्वापटीत’ म्हटलं की चित्र पूर्ण झालं.

पॉलिमीटरमध्ये मात्रेचा वेग दोघांचा एकच, फक्त आवर्तनाची लांबी वेगळी. किंग क्रिमसनच्या ‘फ्रेम बाय फ्रेम’मध्ये (१९८१) एक गिटार चौदा स्वरांची फेरी वाजवते, दुसरी तेराची. दर फेरीला दुसरी एक स्वर पुढे सरकते. आकडेमोडीने पूर्ण भेट १८२ स्वरांनंतर. याला मी ‘वेगळी आवर्तनं’ म्हणेन : ‘चौदावर तेरा’.

दोन्हींत ऐकताना काय बिघडतं तेही वेगळं. दीडपटीत कान गडबडला तरी प्रत्येक समेवर सावरतो. चौदावर तेरामध्ये सम लवकर येतच नाही, म्हणून दोन्ही गिटारी एकदम पकडायचा अट्टहास सोडावा. एक धरा, दुसरी घसरू द्या.

प्रतिसाद ६

रिफला ‘लेहरा’ सुचवतो. छोटी धून, पुन्हा पुन्हा तीच, एका आवर्तनाची.

प्रतिसाद ७

जवळ जातो, पण पुरत नाही. लेहरा तबल्याच्या एकलवादनात आवर्तन दाखवण्यासाठी असतो. तो स्थिर राहतो म्हणून तबलजी मोकळा सुटतो. प्रोगमध्ये रिफ स्वतःच ठेका ठरवतो. रिफमधली एक मात्रा कापली की ड्रमरलाही त्याच्या मागे जावं लागतं. टूलच्या ‘लॅटरलस’मध्ये (२००१) ९/८, ८/८, ७/८ अशी आवर्तनं पाठोपाठ येतात, दर वेळी एक मात्रा गळते. लेहऱ्याने असं केलं तर मैफल बसेल. ‘रिफ’ रिफच राहू द्या.

प्रतिसाद ८

‘भन्नाट कीबोर्ड’वर कुणीच बोललं नाही. मेलोट्रॉनला ‘सिंथ’ (सिंथेसायझर) म्हणणं ही सगळ्यांत सर्रास चूक. सिंथ स्वर निर्माण करतो, मेलोट्रॉन खऱ्या वाद्यांचं ध्वनिमुद्रण वाजवतो. एम४०० या प्रकारात ३५ पट्ट्या, प्रत्येकीखाली टेपचा स्वतंत्र तुकडा, सुमारे आठ सेकंदांचा. तो वेटोळ्यासारखा फिरत नाही, संपला की आवाज बंद. म्हणून लांब स्वरमेळ धरताना वादक एकेक बोट आळीपाळीने उचलून पुन्हा ठेवतो. एकाच वेळी बऱ्याच पट्ट्या दाबल्या तर मोटरवर ताण येतो आणि सूर किंचित उतरतो. किंग क्रिमसनच्या १९६९च्या पहिल्या अल्बममध्ये तो थरथरता, दाटलेला आवाज भरपूर आहे. तो आवडत असेल तर स्वीडनच्या आंग्लागार्डचा ‘हिब्रिस’ (१९९२) ऐका, चारच रचना आहेत.

प्रतिसाद ९

शैलीची नावंही जपून वापरा. ‘कँटरबरी’ (इंग्लंडमधल्या गावावरून) म्हणजे सॉफ्ट मशीन, कॅरव्हान हे बँड : जॅझकडे झुकलेले स्वरमेळ, खरखरीत ऑर्गन, मिश्कील शब्द. यातल्या कित्येक वादकांचा त्या गावाशी संबंधही नव्हता. ‘झॉयल’ हा शब्द माग्माच्या स्वतःच रचलेल्या कोबाइयन भाषेतला. बेसची न थकणारी आवर्तनं आणि समूहगान यांची अपेक्षा ठेवून ऐकावं. ‘रॉक इन ऑपोझिशन’ (आरआयओ) मात्र शैली नाहीच. १९७८मध्ये हेन्री काऊ या ब्रिटिश बँडसह पाच देशांतले पाच बँड रेकॉर्ड कंपन्यांच्या विरोधात एकत्र आले, त्या फळीचं ते नाव. बेल्जियमचा युनिव्हर्स झीरो आणि इटलीचा स्टॉर्मी सिक्स यांच्या वादनात फारसं साम्य नाही. तेव्हा ‘आरआयओ आवडतं’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, पाचांतला कोणता.