मदत हवी आहे: स्पेनमधलं वीजबिल, मंजूर भार कमी करावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं निवृत्तीनंतर लेस्टरहून स्पेनमध्ये, आलिकान्तेजवळ राहायला आलो. पासपोर्ट ब्रिटिश, स्वयंपाकघर मात्र पूर्ण मराठी, आणि घोळ तिथेच आहे.

इथे वापरलेल्या युनिटांशिवाय मंजूर किलोवॅटचाही आकार द्यावा लागतो, घर बंद असलं तरी. आमचा भार ५.७५ आहे. ४.६ वर आणला तर बिल हलकं होईल, पण गीझर, इंडक्शन आणि हीटर एकदम चालू झाले की सगळंच ट्रिप होईल, अशी हिची भीती. कुणी उतरवलाय का? कुकर, पोळ्या, पाहुणे धरून भागतं का?

दुसरं, सरकारी नियंत्रित दर घ्यावा की खासगी कंपनीचा ठरावीक दर? सोमवार ते शुक्रवार सकाळी १० ते २ आणि संध्याकाळी ६ ते १० वीज सर्वांत महाग, म्हणजे नेमक्या आमच्या स्वयंपाकाच्या वेळा! मध्यरात्रीनंतर आणि शनिवार-रविवार स्वस्त. कपडे धुणं तेव्हा ढकलता येतं, वरणभात कसा ढकलणार? म्हणून १२.५ किलोचा नारिंगी ब्यूटेन सिलिंडर घ्यावा असं मला वाटतं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही, ते वेगळंच.

इंग्लंडचं सरकारी पेन्शन इथे दरवर्षी वाढतं (पुण्याला गेलो असतो तर गोठलं असतं), पण हिवाळ्याचा इंधनभत्ता स्पेनवाल्यांना २०१५ पासून बंद आहे. आणि या फरशीच्या घरांत जानेवारीत चांगलंच गारठायला होतं.

व्हॅलेन्सिया, मुर्सिया, मालागा, कुठलेही असा, तुमचा भार किती आणि दर कोणता, तेवढं सांगा.