हिवाळी तंबूसाठी सरपणाचा स्टोव्ह: वजन पाहावे की पेटीची लांबी?

हिमवाट

नमस्कार. आम्ही दोघे मिनियापोलिसला राहतो आणि येत्या फेब्रुवारीत ईली गावाहून बाउंडरी वॉटर्स या उत्तर मिनेसोटातल्या तळ्यांच्या राखीव रानात ३ रात्रींसाठी जाण्याचा आमचा बेत आहे. उन्हाळ्यात कनूने (वल्ह्यांच्या अरुंद होडीने) तो भाग बऱ्यापैकी पाहून झाला आहे, हिवाळ्यातली मात्र ही पहिलीच खेप. मधोमध एकच काठी असलेला, सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचा, चार जणांचा शंकूच्या आकाराचा तंबू घेतला आहे आणि धुराडे बाहेर काढण्यासाठी त्याला उष्णतारोधक कापडाचे भोक आहे. घोडे अडले आहे ते स्टोव्हपाशी. एक स्टोव्ह टायटॅनियमचा असून गुंडाळायच्या धुराड्यासह त्याचे वजन पावणेदोन किलो भरते, पण त्याच्या पेटीत २० सेंटीमीटरपेक्षा लांब लाकूड जात नाही. दुसरा स्टेनलेस स्टीलचा, ४० सेंटीमीटर लांब पेटीचा, पण नळ्यांसह जवळजवळ १० किलोंचा. सामान ओढायला बर्फावरची लहान घसरगाडी बरोबर असेल. मन हलक्याकडे धावते, पण उणे २५ अंशांत एवढासा डबा रात्रभर ऊब देईल का, ही शंका आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

डुलुथकर

रात्रभर ऊब दोन्हीपैकी कोणताच स्टोव्ह देणार नाही, हे आधी मनाशी पक्के करावे. पातळ पत्र्याच्या पेटीत उष्णता साठून राहत नाही. आग विझली की तंबूतली हवा थोड्याच वेळात बाहेरच्या इतकीच थंड होते. लहान पेटीत दर २०-२५ मिनिटांनी लाकूड घालावे लागते, मोठीत झडप आवळून ठेवली तर तास-दीड तास निभते. म्हणून झोपायची पिशवी आणि खालची चटई अशी घ्यावी, की स्टोव्ह मुळीच नसता तरी तुमची रात्र सुखरूप गेली असती. ईलीपासून फार दूर नसलेल्या टॉवर या गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ५१ अंशांची नोंद झाली होती. तशी थंडी तुमच्या वाट्याला बहुधा येणार नाही, पण मुलूख तोच आहे.

मग स्टोव्ह कशासाठी? ओले मोजे वाळवायला, बर्फ वितळवून पाणी करायला आणि संध्याकाळी हातमोजे काढून दोन घास नीट खायला. या कामांसाठी माझ्या मते वजनाआधी पेटीची लांबी पाहावी, कारण तिच्यावर करवतीचे काम ठरते. २ मीटर लांबीच्या ओंडक्याचे ३५ सेंटीमीटरचे पाच-सहा तुकडे होतात, १८ सेंटीमीटरचे अकरा. म्हणजे तेवढ्याच सरपणासाठी दुप्पट कापणे आले, शिवाय लहान पेटीसाठी प्रत्येक तुकडा मनगटाएवढा होईपर्यंत फोडावा लागतो. फेब्रुवारीत तिकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तंबू उभारून झाल्यावर हातात जो तास उरतो, तो सगळा करवतीत जातो. मी एकदा अशाच एका चिमुकल्या स्टोव्हपायी डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात नऊ वाजेपर्यंत लाकडे कापत बसलो होतो आणि वाचलेल्या वजनाचे कौतुक तेव्हाच ओसरले.

तुम्ही घसरगाडी ओढणार आहात. गोठलेल्या तळ्यावर १० किलो जाणवतही नाहीत. जाणवतात ते दोन तळ्यांमधल्या चढणीवर. त्यामुळे एकाच तळ्याच्या काठी मुक्काम ठोकणार असाल तर स्टीलचा घ्यावा, रोज जागा बदलणार असाल तर ३५ सेंटीमीटरच्या आसपास पेटी असलेला टायटॅनियमचा पाहावा. तो महाग पडेल, पण तुम्ही म्हणता त्या दोन टोकांमधली ती खरी उपयोगाची जागा आहे.

तांबटआळी

वरील उत्तराशी सहमत आहे. आमच्या घराण्यात तीन पिढ्या बंब घडवण्याचे काम झाले, तेव्हा पत्र्याविषयी थोडे लिहितो. टायटॅनियमची घनता ४.५ आणि पोलादाची ७.९ च्या आसपास असली, तरी स्टोव्ह हलका होतो तो केवळ धातूमुळे नव्हे. टायटॅनियम न गंजता टिकते म्हणून पत्रा फार पातळ ठेवता येतो, आणि खरी बचत तिथे होते. त्याची किंमतही तिथेच मोजावी लागते. सपाट पातळ पत्रा लाल होईस्तोवर तापला की पोक काढतो, दार नीट बसेनासे होते आणि फटीतून नको तेवढी हवा आत शिरते. घेताना पेटीच्या बाजूंना पन्हळी किंवा दुमड दिली आहे का आणि आत जाळी आहे का, हे पाहावे. बंबाला खाली जाळी नसती तर राखेने कोळसा गुदमरला असता. इथेही न्याय तोच आहे. पत्र्यावर निळी-सोनेरी झाक आली तर मात्र घाबरू नये, ती तापल्याची खूण आहे, दोष नव्हे. जस्ताचा मुलामा दिलेली नळी कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नये, कारण तापल्यावर तिची वाफ विषारी असते.

गुंडाळायच्या धुराड्याचा पत्रा कागदासारखा असतो आणि त्याची कड पातीसारखी कापते. पहिल्या खेपेस चामड्याचे हातमोजे घालून दोघांनी मिळून ते वळावे: एकाने गुंडाळी आवळून धरावी, दुसऱ्याने कडी सरकवावी. एकदा मोकळ्या हवेत चांगला जाळ केला की पत्र्याला तो आकार लक्षात राहतो आणि पुढच्या वेळी तो आपणहून वळतो. त्यानंतर उलट बाजूने गुंडाळण्याची चूक करू नये. पत्रा हट्टाला पेटतो.

रात्रपाळी

स्टोव्ह कोणताही असो, धुराड्याच्या टोकाशी ठिणग्या अडवणारी जाळी लागतेच, नाहीतर नायलॉनची चाळण होते. पण तीच जाळी काजळीने बुजते, हे मला तिसऱ्या रात्री कळले. आम्ही झडप आवळून ओलसर लाकूड धुमसत ठेवले होते. धूर वर जाईना, दाराच्या फटीतून आत येऊ लागला आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर वाजला, तेव्हा आम्ही मोज्यांवरच बर्फात धावलो. हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. गजराला लिथियमच्या बॅटऱ्या घालाव्यात, साध्या बॅटऱ्या त्या थंडीत मान टाकतात. दररोज सकाळी नळी उतरवून जाळी झटकावी.

सरपणाचा नियमही ध्यानात असू द्यावा. तिथे जमिनीवर पडलेले, वाळलेले लाकूडच वापरता येते. जिवंत बर्चची साल सोलता येत नाही, पडलेल्या झाडाची मात्र चालते, आणि तिच्यातल्या तेलामुळे ती ओली असली तरी पेट घेते. घरून लाकूड भरून नेऊ नये, त्यातून ॲशची झाडे पोखरणारा एमराल्ड ॲश बोरर हा किडा पसरतो.

हिमवाट

सर्वांचे मनापासून आभार. लहान स्टोव्हचा विचार सोडला. आम्ही एकाच तळ्याच्या काठी तिन्ही रात्री राहणार असल्यामुळे स्टीलचाच घेतो. एकच विचारायचे राहिले: तंबूला तळ नाही, मग स्टोव्ह थेट बर्फावर ठेवायचा का?

डुलुथकर

मुळीच नाही. तासाभरात त्याचे पाय खचतात, पेटी कलते आणि धुराडे भोकाच्या कापडावर रेलते. बर्फ पायांनी तुडवून अर्धा तास घट्ट होऊ द्यावा, मग हाताएवढ्या जाडीचे दोन पडके ओंडके आडवे टाकून त्यांवर पाय टेकवावेत. ओंडके ओले असले तर उत्तमच. कापडाच्या भिंतीपासून निदान दीड हात अंतर राखावे आणि धुराड्याला तंबूबाहेर तीन बाजूंनी बारीक तारेचे ताण द्यावेत. जाण्याआधी एकदा घराच्या अंगणात हे सगळे अंधारात करून पाहावे.