घरची मंडळी ग्रुप : चार्जर गेला का 80 वर अटकला?

बंड्याभाऊ: छोटू, सेतूच्या लॅपटॉपचा चार्जर गेला वाट्टे. सकाळपासून पिन लावून हाय, 78 च्या समोर सरकतच नाही. ‘नॉट चार्जिंग’ लिहून येऊन राह्यलं.

बंड्याभाऊ: पीक विम्याचे फॉर्म भराचे हायेत. माणसं ओट्यावर बसून हायेत.

छोटू (अमरावती): चार्जर चांगला हाय भाऊ. मीच लिमिट लावली, मागच्या रविवारी बारशाले आलो होतो तेव्हा. 75 च्या खाली उतरल्याशिवाय तो चार्जिंग सुरूच करत नाही, अन् 80 झाले का थांबते. पिन लावून असली का लॅपटॉप करंटवरच चालते, बॅटरी नुसती बसून राह्यते. तू फॉर्म भर बिनधास्त.

बंड्याभाऊ: मले सांगाचं तर होतं बे! नवा चार्जर मांगवत होतो मी.

छोटू: सांगतलं होतं. तू तेव्हा जिलेबी वाढून राह्यला होता.

मोठे बाबा: पण 80 च काहून? इन्व्हर्टरवाला तर म्हणते का बॅटरी नेहमी फुल्ल ठेवा, नाहीतर बसते.

छोटू: तो बरोबरच सांगते मोठे बाबा, पण ती बॅटरी वेगळी. तिच्यात शिसं अन् अ‍ॅसिड. अर्धवट भरून पडून राह्यली का प्लेटांवर सल्फेटचा थर चढते, मंग ती चार्ज धरत नाही. लॅपटॉपची लिथियमची, तिचं उलटं हाय. 100 टक्के भरली का एकेक सेल 4.2 व्होल्टच्या आसपास जाते, अन् तशीच दिवसभर गरम जागी ठेवली का आतल्या आत खराब होत जाते. भाऊचं सेतू टिनाच्या शेडात. उन्हाळाभर तिथं पिन लावून 100 वर होता तो. आता आपल्या इकडचा मे महिना तुमाले काय सांगू!

मोठे बाबा: म्हणजे एकीले उपाशी ठेवू नये अन् दुसरीले पोटभर वाढू नये.

छोटू: हाव 😄 भाऊ, मी पाह्यलं होतं. बॅटरी नवी होती तेव्हा तिच्यात 45 वॅट-अवर करंट मावे, आता भरून भरून 31 च होते. गेलेले 14 काही वापस येत नाहीत. लिमिटनं फक्त समोरची झीज हळू होईन.

गुड्डीताई (पुसद): माह्या लॅपटॉपवरही विंडोजच्या जागी तूच लिनक्स टाकलं ना? मंग मले काहून नाही लावून देल्ली?

छोटू: ताई, भाऊचा थिंकपॅड हाय. त्यात टीएलपी नावाचं बॅटरी सांभाळाचं सॉफ्टवेअर टाकलं अन् त्याच्या सेटिंगच्या फाईलमंधी 75 अन् 80 लिहिले का झालं. तुह्याजवळ आयडियापॅड. त्यात आकडा आपल्या मनानं टाकता येत नाही, नुसता कन्झर्वेशन मोड, म्हणजे बॅटरी जपाची सेटिंग, चालू नाहीतर बंद. फाईलमंधी 1 लिहिला का चालू, 0 लिहिला का बंद. कुठं थांबाचं ते कंपनीनंच ठरवलं, मॉडेलप्रमाणं 60 नाहीतर 80. संध्याकाळी फोन कर, लावून देतो.

गुड्डीताई: 60 वर थांबला तर माह्या मीटिंगचं काय होईन?

छोटू: तू पिन काढतेच कुठं!

काकू: विम्याची तारीख निंघून गेली तर ते बॅटरी घेऊन काय करता रे? इथं वारं सुटलं का रात्रभर लाईन नसते.

बंड्याभाऊ: बरोबर बोलली काकू. अशा वक्ताले मले 100 च पायजे.

छोटू: हे मात्र खरं. अमरावतीत बसून मले 80 म्हणनं सोपं हाय. भाऊ, आभाळ भरून आलं का टर्मिनलमंधी, म्हणजे कमांड लिहाच्या खिडकीत, ‘सुडो टीएलपी फुलचार्ज’ टाकाचं. तेवढ्यापुरता 100 पर्यंत चार्ज होते. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला का 75-80 आपोआप वापस. इंग्रजी स्पेलिंगचा फोटो टाकतो, टेबलाच्या काचेखाली ठेवून दे.

बंड्याभाऊ: टाक लवकर. इकडं आताच काळं होऊन राह्यलं.

छोटू: 📷 फोटो

बंड्याभाऊ: पासवर्ड मांगते.

छोटू: तोच, लॅपटॉप चालू करतानाचा. लिहिताना दिसत नाही, तरी लिहीत जा.

बंड्याभाऊ: हाव, चढून राह्यला. 79… 80… 81!

मोठे बाबा: इन्व्हर्टरमंधी पाणी टाकलं का कोणी?