मालदीवसारखं पाण्यावर राहायचंय पण जवळपास, दोघंच, चार दिवस. कुठे जावं?

घोडबंदरवाली

नमस्कार मंडळी, थोडी लांब पोस्ट आहे, वाचा प्लीज. डिसेंबरमध्ये आमच्या लग्नाला १० वर्षं होतायत आणि या वेळी दोघांनीच कुठेतरी जायचं असं पक्कं ठरलंय, लेक आजीकडे राहणार आहे, तिची काही तक्रार नाही. नवऱ्याच्या डोक्यात कित्येक वर्षं ते पाण्यावरच्या व्हिलाचं आहे, म्हणजे लाकडी डेक, चार पायऱ्या उतरल्या की थेट पाणी, आजूबाजूला कोणी नाही. मालदीवचं सगळं बघून झालं पण सुट्टी मिळून मिळून चार दिवसांची, त्यात मालेला उतरल्यावर पुढे स्पीडबोट नाहीतर सीप्लेन, त्याचे पैसे वेगळे, वर टॅक्स, सर्व्हिस चार्ज, बेरीज केली की आमच्या बजेटच्या दुपटीच्याही पुढे जातंय. म्हणून विचारतेय, आपल्या जवळ, म्हणजे कोकण, गोवा, केरळ कुठेही चालेल, खरोखर पाण्यावर राहता येईल अशी जागा आहे का? स्वच्छ हवी, जेवण चांगलं हवं, शांतता हवी. पंचतारांकितच पाहिजे असं अजिबात नाही.

आणि दुसरं म्हणजे जी साइट उघडावी तिथे इको लक्झरी लिहिलेलं. एका ठिकाणी फोन करून विचारलं की तुमचं सांडपाणी कुठे जातं, तर समोरच्या मुलाला प्रश्नच कळला नाही, म्हणाला मॅडम आमच्याकडे प्लास्टिकची बाटली नसते. आपण दोघांनी पाण्याकाठी दोन सुखाचे दिवस घालवायचे आणि आपलीच घाण त्याच पाण्यात सोडायची हे मला खरंच नको आहे. कोणी राहून आलं असेल तर मनापासून सांगा.

एर्नाकुलमचा मराठी

ताई, तुम्ही विचारलेला सांडपाण्याचा प्रश्न इथे येणाऱ्या शंभरातला एकही माणूस विचारत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. नोकरीमुळे बरीच वर्षं कोचीत आहे आणि गावाकडून कोणी आलं की बॅकवॉटर दाखवायचं काम माझ्याकडेच असतं.

आधी हे की मालदीवसारखे खांबांवरचे व्हिला आपल्या किनाऱ्यावर जवळजवळ नाहीतच. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांनुसार भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आणि पाण्यात हॉटेल बांधता येत नाही. आणि हे नुसतं कागदावर नाही हं, वेंबनाड तलावात नेडियतुरुत्तु बेटावर ५४ व्हिलांचं आलिशान रिसॉर्ट उभं राहिलं होतं, तिथल्या मच्छीमारांच्या जाळी लावायच्या खुंटांच्या जागा त्यात गेल्या, ती माणसं कोर्टात गेली, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये ते पाडायला सांगितलं. २०२२ मध्ये पाडकाम सुरू झालं. मला तर बरं वाटलं. तलाव त्यांच्या पोटापाण्याचा आहे.

मग पाण्यावर झोपायचं तर हाउसबोट. पूर्वी याच बोटींतून, इथे त्यांना केट्टुवळ्ळम म्हणतात, भात आणि मसाले जायचे, फळ्या खिळे न मारता काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असतात आणि वरून काजूच्या टरफलाचा काळा रस उकळून लावतात. पहिल्यांदा चढलात की त्या शिवणीवरून हात फिरवून बघा, दोरीच्या प्रत्येक टाक्याखाली काथ्याची वळकटी दाबून बसवलेली असते, पाणी आत येऊ नये म्हणून. मला अजूनही ते बघत बसावंसं वाटतं.

पण अलप्पुळाच्या धक्क्यावर जाऊन मिळेल ती बोट पकडायची नाही. सुट्टीच्या दिवसांत तिथे बोटीला बोट लागलेली असते, शेजारच्या बोटीवरचं गाणं तुमच्या बेडवर ऐकू येतं. शिवाय रात्री बोट फिरत नाही, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला ती काठाला बांधतात कारण रात्री मच्छीमार जाळी टाकतात. म्हणजे अख्खी रात्र तुम्ही एका जागी आणि एसीसाठी जनरेटर चालू, त्यात कसला आलाय रोमान्स! तेव्हा बुक करतानाच विचारा की रात्री काठावरची लाइट घेता की जनरेटर लावता, बायोटँक (संडासाच्या मैल्याची टाकी) आहे का, तो रिकामा कुठे करता आणि त्याची पावती मिळते का, आणि भटारखान्याचं पाणी कुठे सोडता. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण संडासाचा टँक दाखवतात पण भांड्याचं तेलकट पाणी सरळ तलावात जातं. जो माणूस न चिडता उत्तर देतो त्याची बोट घ्या, आणि एकच बेडरूमवाली घ्या, म्हणजे खरंच तुम्ही दोघं आणि दोन-तीन खलाशी, बस.

माझं ऐकाल तर अलप्पुळा सोडा आणि उत्तर केरळात जा, वलियपरंबा-कव्वायी बॅकवॉटर, कासरगोड आणि कन्नूरच्या मधे. बोटी मोजक्या आहेत, एका बाजूला नारळीची लांबच लांब चिंचोळी पट्टी आणि तिच्या पलीकडे समुद्र. पय्यन्नूर स्टेशनला उतरायचं, नेत्रावती एक्स्प्रेस कुर्ल्याहून थेट आहे, विमानाने यायचं तर कन्नूर नाहीतर मंगळूर.

माले_रिटर्न

माझं मत वेगळं आहे, सांगतो. ज्याला काचेसारखं निळं पाणी आणि खाली मासे बघायचेत त्याला केरळच्या बॅकवॉटरमध्ये ते मिळणार नाही, पाणी हिरवट-मातकट असतं, तळ दिसत नाही, वर जलपर्णी. नवऱ्याची हौस नेमकी ती असेल तर तिथे नेऊन हिरमोड करू नका. मालदीवला भारतीयांना व्हिसा पोचल्यावर फुकट मिळतो आणि मुंबईहून माले तीन तासांच्या आत-बाहेर, मालवणला गाडीने जायला याच्या तिप्पट वेळ जातो. रिसॉर्ट न घेता माफुशीसारख्या स्थानिक लोकांच्या बेटावर गेस्टहाउस घ्या, मालेहून बोट जाते, खर्च खूप खाली येतो, आणि एक दिवस रिसॉर्टचा डे पास काढा. पैसे गावातल्या घरातच जातात ते वेगळंच. बिकिनी बीच सोडून गावात नीट कपडे घालायचे आणि दारू मिळत नाही, एवढं चालत असेल तर विचार करा.

देवबागकर

ताई, मी कर्ली नदीच्या काठचा, घरचाच होमस्टे आहे पण जाहिरात करत नाही, नावही सांगत नाही.

आपल्याकडे खांबांवरची घरं का नाहीत याला नियमाच्या आधी समुद्रच कारण आहे. मालदीवला भोवती प्रवाळाची भिंत, लाटा बाहेरच फुटतात, आणि भरती-ओहोटीचा फरक मीटरभर. आमच्याकडे अमावस्या-पौर्णिमेला पाणी दोन मीटरच्या आसपास खालीवर होतं, मुंबईला तर चार मीटरच्याही वर जातं, म्हणजे सकाळी डेकखाली पाणी आणि दुपारी चिखल. आणि पावसाळ्यात जो समुद्र उठतो त्यापुढे खांब-बिंब काही टिकायचे नाहीत. देवबागला तर समुद्राने किनारा कापत आणलाय, बंधारे घालूनही दरवर्षी जीव मुठीत असतो. त्यामुळे कोणी समुद्रावर व्हिला बांधतो म्हणाला तर आमच्या पोटात गोळा येतो.

पण नदीच्या बाजूला या. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. नदीकडच्या घरांना दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. ओहोटीला सकाळी बायका गुडघाभर पाण्यात वाकून तिसऱ्या (शिंपल्या) काढत असतात, त्यांच्याकडूनच घेऊन आई दुपारी सुकं करते, ओलं खोबरं आणि भरपूर कोथिंबीर. संध्याकाळी पाचला छोटी होडी सांगा, वल्ह्याची मिळाली तर फारच उत्तम, संगमावर सूर्य बुडेपर्यंत बसा आणि परत या. तिथून पुढे एक दिवस वेंगुर्ल्याला जा, मांडवी खाडीत महिला बचत गटाच्या बायका कांदळवन सफारी करतात, वल्ही स्वतः मारतात, इंजिन नाही. कांदळाची मुळं, खेकडे, खंड्या, सगळं नावानिशी दाखवतात. इको म्हणून पैसे द्यायचेच तर तिथे द्या असं मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

एक पथ्य पाळा, २५ डिसेंबर ते १ जानेवारी येऊ नका. शनिवार-रविवारसुद्धा नको. जेट स्की, बनाना राइड, रात्री डीजे, तुम्हाला हवं ते काहीच मिळणार नाही. सोमवार ते गुरुवार या.

पाण्याखालची

कोणी लक्षद्वीप सुचवायच्या आत लिहिते, कारण २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान तिथे जाऊन आल्यापासून सगळे तेच सांगतायत. मी स्कूबा करते, तिथल्या पाण्यावर माझा अतिशय जीव आहे. सुहेली आणि कदमतला पाण्यावरच्या व्हिलांसकट मोठी रिसॉर्ट्स जाहीर झालीयत हे खरं, पण मला त्याची धास्तीच वाटते. ही बेटं म्हणजे प्रवाळावरची वाळू, तिच्यात पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर असतो, तोच विहिरीत येतो. सेप्टिक टँकचं पाणी याच वाळूतून झिरपतं. कवरत्तीला प्यायचं पाणी कमी पडतं म्हणून २००५ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प लावावा लागला, रोज एक लाख लिटरचा. आता व्हिला म्हटला की प्रत्येकाला शॉवर, टब, प्लंज पूल. शिवाय १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून तिथले प्रवाळ पांढरे पडलेत, त्यातून कसेबसे सावरतायत, त्यांच्यावर खांब रोवायचे आणि सावली पाडायची?

जायचं तर जरूर जा, अगत्ती-बंगारम अप्रतिम आहे, पण परमिट लागतं, कोचीहून विमान नाहीतर जहाज, आणि हवा बिघडली की परतीचं लांबतं. चार दिवसांच्या सुट्टीत ती धाकधूक नको. आठवडा हाताशी असेल तेव्हा जा आणि सनस्क्रीन फासून प्रवाळावर उतरू नका, लांब बाह्यांचा रॅशगार्ड घाला.

कोल्हापुरी पाहुणा

पूवारचं कोणीच बोललं नाही. तिरुवनंतपुरमहून तासाभराच्या अंतरावर नेय्यार नदी समुद्राला मिळते तिथे आहे, नदीच्या पाण्यावर तरंगती कॉटेजेस आहेत, बोटीनेच जावं लागतं. तुमच्या नवऱ्याला जसं हवंय त्याच्या सगळ्यात जवळचं हेच बघा, झोपून पाणी दिसतं, समोर वाळूची पट्टी, तिच्यापलीकडे समुद्र. दिवसभर पर्यटकांच्या मोटरबोटी जवळून जातात ही कटकट आहे, म्हणून काठापासची कॉटेज न मागता टोकाची मागा. सकाळी सहा ते आठ मात्र काय वर्णावं. सांडपाण्याचं आम्ही विचारलं नव्हतं, तुम्ही विचारा आणि इथे लिहा.

घोडबंदरवाली

सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्याला बसवून सगळं वाचून दाखवलं. त्याचं म्हणणं निळं पाणी नसलं तरी चालेल पण रात्री पाण्यावरच झोपायचंय. पूवारला फोन केला होता, सांडपाणी शुद्ध करायचं प्लँट आहे म्हणाले, कॉटेजेसचं पाणी पाइपने तिकडे जातं का यावर कळवतो म्हणाले, अजून कळवलं नाही. त्यामुळे वलियपरंबाकडेच मन झुकतंय. देवबागकर दादा, तुमच्याकडे लेकीला घेऊन मेच्या सुट्टीत नक्की येऊ, तिला त्या तिसऱ्या काढायला शिकायचंय.

एर्नाकुलमचे दादा, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पावसाचं काय? आणि एक रात्र बोटीवर, मग उरलेले दिवस कुठे राहायचं?

एर्नाकुलमचा मराठी

परतीचा पाऊस दक्षिणेकडे जास्त, कासरगोडकडे डिसेंबरात बहुतेक कोरडंच असतं. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात काही तयार झालं तर दोन दिवस भुरभुर, तेवढं धरून चाला.

बोटीवर एकच रात्र पुरे. दुसऱ्या दिवशी त्याच बॅकवॉटरच्या काठावर होमस्टे घ्या, पट्टीच्या गावात चालत फिरता येतं, समुद्राच्या बाजूला संपूर्ण रिकामा किनारा आहे. आदल्या दिवशी सांगितलंत तर घरच्या बाई केळीच्या पानात करीमीन (बॅकवॉटरमधला मासा) करून देतात, कांदा-टोमॅटोचा मसाला भरून तव्यावर. डिसेंबर म्हणजे तेय्यमचा, देव अंगात घेऊन नाचण्याच्या विधीचा हंगाम आहे, कन्नूर-कासरगोडात कुठल्या ना कुठल्या कावूत, म्हणजे देवराईतल्या देवस्थानात, पहाटे तेय्यम असतंच, होमस्टेवाल्यांना विचारा, ते घेऊन जातात. पहाटे तीनला उठायची तयारी ठेवा आणि फोटो काढायच्या आधी विचारा, ती पूजा आहे.

नेत्रावतीचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी काढा, सेकंड एसीच्या खालच्या दोन बर्थ. येताना ओडोमॉस आणि हलकी टॉर्च आणा, संध्याकाळी काठाला बोट लागली की डास चांगलेच चावतात. दोन-तीन बोटवाल्यांचे नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो, टँकचा प्रश्न तुम्हीच विचारा, बाईमाणसाने विचारलं की जास्त गंभीरपणे घेतात असा इथला अनुभव आहे.