लांबलेल्या साथीत गावाबाहेरची विलगीकरण वस्ती: पाणी, संडास, तारखा कशा सांभाळायच्या?

माळरान_आष्टी
आमच्याकडं निम्मं गाव ऊसतोडीला नाहीतर पुण्या-मुंबईला. २०२० सारखी साथ परत आली आणि लांबली, तर बाहेरून येणाऱ्यांना कुठं ठेवायचं याचा आराखडा ग्रामसभेपुढं मांडायचाय. जागा म्हणजे झेडपीची शाळा (४ खोल्या, २ संडास) आणि तिच्या मागचं गायरान. एका वेळी ४८ माणसं धरलीत, लेकरं-म्हातारी धरून. पाणी टँकरचं. १४ दिवस कसेही निघतात; पण हेच चार-सहा महिने चालवायचं झालं तर कुठं मोडतं? नुसतं 'अंतर पाळा' नको, मापं सांगा.

टाकीवाला_निलंगा
टंचाईतला माणशी २० लिटरचा हिशोब इथं धरू नका. हात धुणं, धुणं, संडासात ओतायचं पाणी, वर एप्रिल-मेचं ऊन. माणशी ४० धरा. ४८ माणसांना दिवसाला १,९२० लिटर झालं. ५,००० लिटरची टाकी आणि दर दोन दिवसांनी ट्रॅक्टरचा टँकर, म्हणजे खेप अर्धा दिवस लांबली तरी बोंब होत नाही. पिण्याची टाकी वेगळी, ५०० लिटरची, तोटीची आणि सावलीत. तिच्यात कुणी तांब्या बुडवायचा नाही.

टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे मोठ्या टाकीला २५ ग्रॅम. पावडर थेट टाकीत झोकू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी लगदा करा, मग पाणी घाला, पंधरा मिनिटं निवळू द्या आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता. खालचा चुना फेकायचा. अर्ध्या तासानं ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन किती उरलंय ते बघायचं. पिवळी छटा आली पाहिजे, क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर पाणी देऊ नका. उन्हात क्लोरीन उडतं, म्हणून डोस संध्याकाळी टाका आणि सकाळी परत तपासा. टँकरचं पाणी गढूळ असलं तर क्लोरीन गाळच खातो. आधी तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्या. आणि पत्र्याच्या खोलीत तोंड उघडं ठेवलेलं टीसीएलचं पोतं महिनाभरात कमजोर होतं. मग लोक अंदाजानं दुप्पट टाकतात, पाण्याला वास मारतो आणि माणसं गुपचूप शेजारच्या विहिरीवर जातात.

फरशी पुसायला लिटरला ३० ग्रॅम टीसीएल, त्याचं साधारण १ टक्क्याचं द्रावण होतं. संडासाच्या ॲसिडात हे कधीच मिसळू नका, विषारी गॅस होतो.

उपकेंद्र_औसा
पाण्याचं वरच्यांनी सांगितलंच. माझ्या मते वस्ती मोडते ती तारखांवर.

मुक्काम माणसाचा मोजू नका, खोलीचा मोजा. खोलीत ११ जण आहेत, त्यांचे १० दिवस झालेत, आणि कुणाचातरी मेव्हणा रात्री आला म्हणून त्याच खोलीत घातला, की अकराही जणांची मोजणी परत पहिल्या दिवसापासून. ओळीनं असं दोनदा झालं की लोक भिंतीवरून उड्या मारतात, आणि त्यांचं चुकतं असंही म्हणता येत नाही. त्यामुळं ४ पैकी ३ खोल्याच भरा, चौथी ताप-खोकला निघालेल्यासाठी मोकळी ठेवा. एका दिवशी आलेले एका खोलीत. दारावर खडूनं तारीख लिहा: बंद झाली कधी, सुटणार कधी.

१४ हा आकडाही पाठ करू नका. तो कोरोनाचा. रोग अंगात जास्तीत जास्त जितके दिवस दबून राहतो तितकी मुदत. पटकीला ५ दिवस पुरतात, गोवराला २१ लागू शकतात. नवा रोग असेल तर वैद्यकीय अधिकारी सांगतील ती मुदत.

श्वासाचा रोग असेल तर ऑक्सिमीटर रोज दोनदा, पाच मिनिटं बसवून. नखाला मेंदी-पॉलिश असलं किंवा बोट गार असलं तर आकडा फसवतो. दुसरं बोट बघा. बसल्या जागी ९४ च्या खाली असेल तर १०८. बीपी, साखर, टीबीच्या गोळ्या येतानाच महिन्याच्या मोजून घ्या. दिवस भरत आलेली बाई या वस्तीत ठेवूच नका.

गायरान_बघा
शाळा १५ जूनला लागते, हे कुणीच बोलंना. सहा महिने शाळा कोण देणार? त्यापरीस ज्याचं रान आहे त्याला त्याच्या रानात, घरटी एक कोपी (झोपडी). आपली माणसं आपल्यात राहतात, खुरपणी होती, रोज बुडत नाही. प्लेगातही लोक रानातच जायचे.

उपकेंद्र_औसा
प्लेगात रानात जायचे ते उंदीर आणि पिसवांपासून सुटायला. धान्य सोबत नेलं की उंदीर मागोमाग येणारच. श्वासाच्या रोगात रानाचा फायदा वाऱ्याचा आहे, तो मान्य. ज्याला रान आहे त्याला रानच बरं. भूमिहीनांचं काय, ते मात्र आराखड्यात आधी लिहा; शाळेत शेवटी तेच उरतात.

आणि रानात भुईवर झोपायचं नाही. मण्यार रात्री फिरते, चावलेलं कित्येकदा कळतही नाही. बाज पाहिजे आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेली. सर्पदंशाची लस कोणत्या ग्रामीण रुग्णालयात आहे ते आधीच विचारून ठेवा.

माळरान_आष्टी
पटलं. शाळा भूमिहीनांना आणि रान नसलेल्यांना ठेवू. पण २ संडास पुरतील का? आणि भाकरी गावातून द्यावी का आत करावी?

टाकीवाला_निलंगा
२० माणसांना एक धरला तर ४८ ला ३ लागतात, बायकांचा वेगळा आणि कडी आतून लागणारी. खड्डा मुरमात घ्या, विहिरीपासून निदान ५० फूट. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, पावसाळ्यात खड्डा तुंबून वर येतो. मोरीच्या सांडपाण्याला नांदेडकडचा टेंभुर्णीचा शोषखड्डा करा: ४ फूट लांब, रुंद, खोल, मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. आणि आठवड्यातून एकदा सगळे रांजण-बादल्या कोरड्या, नाहीतर एका साथीपासून लपलेली वस्ती डेंग्यूनं आडवी व्हायची.

पाटा_वरवंटा
भाकरी आतच करा, खोलीगणिक चूल वेगळी. ४८ पैकी भाकरी खाणारे ४० धरा, दिवसाला माणशी ५ भाकरी म्हणजे २०० भाकरी, त्याला १८ ते २० किलो पीठ. एकदम महिन्याचं दळून ठेवाल तर पिठाला विरी जाती, भाकरी थापताना चिरती आणि कडू लागती. दर चार-पाच दिवसांनी दळा. पोती ओट्यावर ठेवून आणणारा मागं सरला की मग आतल्यानं उचलायचं. पैशाचा हिशोब वहीवर, हातोहाती नाही. सरपण आधीच भरून ठेवा, त्याच्यासाठीच माणसं हद्दीबाहेर जातात.