‘आकडी’ आणि ‘धीर’: तेविसाव्या स्तोत्रातले दोन शब्द

शरणपूरकर
मागच्या महिन्यात आईला पहाटे आकडी आली. हातपाय ताठ, दातखीळ बसलेली. इथे नाशिकमध्येच एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या चर्चचे पाळक आले, बाहेरच्या बाकड्यावर आमच्यासोबत बसले आणि त्यांनी बायबलमधलं तेविसावं स्तोत्र वाचलं. ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’ ही ओळ आली तशी माझी अकरा वर्षांची लेक दचकली. प्रार्थना संपेपर्यंत गप्प बसली, मग कानाशी येऊन म्हणाली, “बाबा, आकडी आली म्हणून तर आजीला इथं आणलं. ती धीर कशी देईल?”

हे स्तोत्र मी लहानपणापासून पाठ म्हणत आलोय, पण त्या बाकड्यावर मला उत्तर देता आलं नाही. आकडी म्हणजे मेंढपाळाची कसलीतरी काठी, एवढंच ठाऊक. मग पुढे काठी वेगळी का सांगितली? आणि ‘सांत्वन करतात’ असं न म्हणता ‘धीर देतात’ का? जाणकारांनी सांगावं. लेकीला नीट उत्तर द्यायचंय.

सिन्नरचा धनगर
दादा, आधी आई कशा आहेत ते कळवा.

आकडीचं मी सांगतो, आमच्या मेंढरांच्या वाड्यावर ती रोज हातात असायची. लांब बांबू आणि टोकाला लोखंडी आकडा. उन्हाळ्यात रानात गवताची काडी उरत नाही, तेव्हा बाभळीची फांदी आकडीनं खाली ओढायची, हलवायची. पाला-शेंगा खाली पडतात आणि कळप त्यावर तुटून पडतो. मेंढरू मान वर करून उभं राहिलं तरी त्याचं तोंड तिथवर पोचत नाही. काठी वेगळी. काठीनं कळप वळवायचा, कुत्रं-लांडगा आला तर हाणायचा, रात्री राखणीला बसलं की तीच मांडीवर. माझे आजोबा दोन्ही घेऊन चालायचे, एक खांद्यावर, एक हातात.

मी काही ख्रिस्ती नाही, पण ही ओळ ज्यानं मराठीत आणली त्यानं धनगर जवळून बघितला असणार.

भाषाभ्यासक
वरचं वर्णन फार सुंदर आहे. मात्र मूळ हिब्रूत आकडा नाही, हे सांगायला हवं. तिथला पहिला शब्द ‘शेवेत’. त्याचा अर्थ सोटा, दंड. राजदंडालाही तोच शब्द. दुसरा ‘मिशएनेत’, हा टेकणे या अर्थाच्या धातूपासून आलाय, म्हणजे टेकायची काठी. हिब्रूत एक मारायची आणि एक आधाराची. मराठीत एक चारा काढायची आणि एक राखणीची झाली. शब्दाला शब्द जुळत नाही. तरी मला मराठी शब्द आवडतो, कारण इथल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे इथलाच मेंढपाळ उभा राहतो.

आता ‘धीर’. मूळ क्रियापद ‘नाहम’ या धातूचं. बायबलातल्या नहेम्या या नावातही तोच धातू आहे. बायबलातल्याच यशया या पुस्तकात चाळिसाव्या अध्यायाच्या सुरुवातीला हाच धातू येतो आणि मराठी बायबल तिथे ‘सांत्वन करा’ म्हणतं. म्हणजे एकाच धातूसाठी तिथे सांत्वन, इथे धीर. माझ्या मते हा फरक योग्य आहे. आपण सांत्वनाला जातो ते माणूस गेल्यावर. धीर देतो तो अजून सगळं चालू असताना, दाराबाहेर उभं राहून. यशयात लोकांची शिक्षा भोगून झाली आहे, म्हणून सांत्वन. स्तोत्रातला माणूस अजून मृत्यूच्या छायेच्या दरीतून चालतोय, अंधारात आहे, पलीकडचं काही दिसत नाही. त्याला सांत्वन देऊन काय उपयोग? त्याला धीरच हवा.

संस्कृतात ‘धीर’ हे विशेषण, नाम ‘धैर्य’. मराठीने विशेषणाचंच नाम केलं. आणि मग पाहा, धीर धरता येतो, सुटतो, खचतो, एकवटता येतो. आणि तो दुसऱ्याला देताही येतो! धैर्य सहसा कुणी कुणाला देत नाही, ते दाखवायचं असतं.

एक वाचक
‘धीर धर’ म्हणजे थांब, घाई करू नकोस, असाही अर्थ होतो ना? रुग्णालयात डॉक्टर म्हणतात, धीर धरा. तिथे ते हिंमत ठेव म्हणतात की वाट बघ म्हणतात, हे मला कधीच कळलं नाही. बहुधा दोन्ही.

गंगापूर रोड
आणखी एक शब्द जोडते. तुमच्या शरणपुरातला ‘शरण’. रोजच्या बोलण्यात शरण जाणे म्हणजे हरणे, हत्यार टाकणे. पण चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी १८५० च्या दशकात नाशिकजवळ ही वस्ती वसवली, तेव्हा नावात जुना अर्थ होता, आसरा. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही इथे राहिली, शिकली. त्यातला जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेल्या शोधप्रवासी लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवाबरोबर १८७४ मध्ये लंडनपर्यंत गेला. आईबापांपासून तोडलेल्या मुलांच्या गावाला हे नाव होतं, हे शरणपूर रोडवरून जाताना मला नेहमी आठवतं. हरलेला आणि आसऱ्याला आलेला, दोघांनाही आपल्याकडे एकच शब्द आहे.

शरणपूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. आई घरी आली. गोळ्या चालू आहेत, बोलणं थोडं अडखळतं.

काल रात्री सिन्नरच्या दादांचा मजकूर लेकीला वाचून दाखवला. त्या बाकड्यावर आमच्या बाबतीत तेच होत होतं, हे मला आता कळतंय. आमचा हात पोचत नव्हता, तिथला चारा कुणीतरी खाली ओढून देत होतं. शेजारची ताई डबा आणायची, पाळक रोज यायचे, चर्चच्या मंडळीतली मुलं रात्री आळीपाळीनं थांबायची. आई वाचेल की नाही, हे आम्हाला कुणीच सांगू शकत नव्हतं, पण पुढची रात्र निघत होती.

आई पलंगावरून ऐकत होती. तिला फक्त आकडी हा शब्द नीट ऐकू गेला असावा. नातीला म्हणाली, “परसात भिंतीला टेकवलीय बघ. शेवगा भरलाय, चार शेंगा काढून आण.”